बर्फाच्या कारखान्यासमोर

तिचा स्वतःचा आवाज तिला पहिल्यांदा नीट ऐकू आला तो नव्याने नोकरीला लागलेल्या मुलींच्या वर्गात, हातात चहाचा कप असताना. साहेब म्हणाले होते, "बसा हो मागे, तुमच्याच कौतुकाचा कार्यक्रम आहे," म्हणून ती मागच्या बाकावर जाऊन बसली. भिंतीवरच्या खोक्यातून एक बाई बोलायला लागली. "घाबरू नका दादा. मी आहे फोनवर. तळहात छातीच्या मधोमध ठेवा. ठेवलात? आता मी सांगते तसं दाबत राहा." ही कोण बया, असं तिच्या मनात आलं. इतका गोड, इतका शांत, कुठेही खरचटलेला नाही असा आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता. मग ती बया आपणच, हे कळलं. बाईच्या आवाजामागे एक माणूस धापा टाकत होता. मधूनच विचारत होता, "ताई, येतायत ना? ताई, येतायत ना?" आणि खोक्यातली बाई दर वेळी तेवढ्याच गोडीने म्हणत होती, "निघालेत दादा, पोचतीलच." नव्या मुली माना डोलवत होत्या. एका मुलीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. साहेबांनी खोकं बंद केलं आणि म्हणाले, "पाहिलंत? आवाज कुठे हलला का? याला म्हणतात काम." टाळ्या पडल्या. टाळ्यांना मान लववायची असते हे तिला माहीत होतं, म्हणून तिने ती लववली.

पत्त्याचा भाग त्यांनी कापून टाकला होता. शिकवायला पत्ता कशाला लागतो? पण तिला तो माणूस आठवला. तिचं काम हे असं, की दिवसभर माणसं तिच्या कानात मरत असतात नाहीतर वाचत असतात, आणि यातलं नेमकं काय झालं ते तिला कधी कळत नाही. अँब्युलन्स दारात पोचली की फोन ठेवायचा आणि पुढचा उचलायचा. कुणाला हा नियम वाटतो. तिला इतकी वर्षं ती दयाच वाटत आली होती. पण त्या दिवशी कामाची पाळी संपल्यावर ती घरी गेली नाही. बाजूच्या रिकाम्या टेबलावर बसली, कानाला यंत्र लावलं आणि कापलेल्या भागासकट तो फोन पहिल्यापासून ऐकला. "कुठून बोलताय दादा?" असं ती विचारत होती. तो माणूस सांगत होता, "जुन्या बर्फाच्या कारखान्यासमोर, ताई. जुन्या." दोनदा. लहान पोरालाही कळावं इतकं स्पष्ट. आणि मागोमाग तिच्या बोटांचा आवाज येत होता, टकटक, टकटक. त्या बोटांनी 'जुन्या' हा शब्द यंत्रात टाकला नव्हता. त्यात बोटांचा तरी काय दोष म्हणायचा? पहिल्याच आठवड्यात शिकवतात की लोक पत्त्याला काय वाटेल ते चिकटवतात, जुना, नवा, मोठा, पलीकडचा. ते सगळं गाळायचं, यंत्राला मूळ नाव द्यायचं, लवकर सापडतं. सापडलंही लवकर. पडद्यावर त्या गावात एकच बर्फाचा कारखाना उमटला, बंदरावरचा. तिने गाडी तिकडे पाठवली. बंदर गावाच्या एका टोकाला, तो माणूस दुसऱ्या टोकाला, आणि मधे खाडीवरचा एक पूल, ज्यावरून एका वेळी एकाच बाजूची वाहनं जातात. पुढे उशीर का झाला याची चौकशी झाली तेव्हा नोंदीत कारणाच्या जागी दोन शब्द पडले: पत्ता अपुरा. म्हणजे चूक सांगणाऱ्याची. तिच्यापर्यंत तर ती चौकशी आलीसुद्धा नव्हती.

दोन दिवस ती कामावर गेली आणि फोनवर बोलताना प्रत्येक वेळी तिला ती खोक्यातली बाई ऐकू यायला लागली. "घाबरू नका," ती म्हणायची आणि आपलंच हे गोड खोटं ऐकून तिचं तोंड कडू व्हायचं. तिसऱ्या दिवशी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कुठेतरी समुद्रावर जाऊ." नवऱ्याचा घास हातातच राहिला. तो गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता, माणूस उमदा, बोलका, दगडालाही बोलतं करील असा. गेली कित्येक वर्षं तोच तिच्या मागे लागायचा की चल कुठेतरी, आणि तीच म्हणायची की मला झोपू दे. "महाराणींचा हुकूम," तो म्हणाला, "कुठे जायचं?" तिने गावाचं नाव सांगितलं. "तिथे काय आहे?" "काही नाही," ती म्हणाली, "शांत आहे म्हणतात." हे तिने इतक्या सहज सांगितलं की तिचं तिलाच नवल वाटलं. आपण तिथे का जातोय, हे तिला माहीत नव्हतं. तो रस्ता डोळ्यांनी बघावा, दोन टोकांमधलं अंतर पायाखाली घालावं, एवढंच बहुधा डोक्यात होतं. आणि तो माणूस जिची छाती दाबत होता ती त्याची बायको वाचली की नाही, हे कुणाला न विचारता कळलं तर कळावं. विचारायचं तर कुणाला आणि कुठल्या तोंडाने?

गाव खरंच शांत होतं. सकाळच्या गाडीतून उतरले तेव्हा ऊन कोवळं होतं, रस्त्यावर दुकानदार पायऱ्या धूत होते, आणि हवेत मासळीचा, ओल्या दोरांचा आणि कुठूनतरी नुकत्याच दिलेल्या रंगाचा वास होता. नवरा पहिल्या पाच पावलांतच सुट्टीवर गेला. त्याने कापडी टोपी घेतली, तिच्यासाठीही घेतली, भाव केला, आणि कमी झालेल्या पैशांत शेंगदाणे घेतले. चांगले मासे कुठे मिळतात, हे त्याने टोपीवाल्यालाच विचारलं. टोपीवाला म्हणाला, "सरळ जा, जुन्या बर्फाच्या कारखान्यावरून डावीकडे वळा, लगेच हॉटेल." तिच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले. ते सरळ गेले. डावीकडे वळायची वेळ आली तेव्हा तिथे कारखाना नव्हता. एक मोकळी जागा होती, तिच्यात गाड्या लावल्या होत्या आणि एका कोपऱ्यात मुलांचा झोपाळा होता. नवऱ्याने हॉटेलवाल्याला हसत विचारलं, "अहो, तुमचा तो कारखाना गेला कुठे?" हॉटेलवाला म्हणाला, "तो पाडून जमाना झाला. पण गावात सगळे तसंच सांगतात, चुकत कुणी नाही." नवऱ्याला हे फार आवडलं. "म्हणजे बघ," तो मासे खाता खाता म्हणाला, "नाही ती वस्तू, आणि पत्ता तिच्यावरून. वा." ती समोरच्या घरांकडे बघत होती. एकमजली, रांगेतली, एकसारखी दारं. त्यांतल्या एका दारामागे जमिनीवर गुडघे टेकून तो माणूस दाबत होता, आणि फोन शेजारी जमिनीवर ठेवलेला होता, त्यातून ती बोलत होती. कुठलं दार, ते तिला कळेना. एका दाराबाहेर कुंड्या होत्या आणि त्यांतली सगळी झाडं वाळलेली होती. त्यावरून काही ठरत नाही, असं तिने स्वतःला बजावलं, पण नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाई. "मासा गार होतोय," नवरा म्हणाला, तेव्हा तिने एक घास घेतला आणि तो कितीतरी वेळ चावत राहिली.

समुद्र अगदीच घरगुती होता. लाटा लहान, वाळू राखाडी, चार होड्या, आणि कडेने एक लांब दगडी कठडा. वाळूवर कापडी छत्र्या आणि घडीच्या आरामखुर्च्या भाड्याने मिळत होत्या. नवऱ्याचा धंदाच पाठ टेकायचा, तेव्हा खुर्ची दिसली की तो बसून बघणारच. तो एकीत बसला, उठला, दुसरीत बसला, आणि खुर्चीवाल्याला म्हणाला, "कापड ताणून बसवलंय छान. स्वतः करता?" आणि छत्रीमागून उत्तर आलं, "हो, मीच करतो. दर मोसमाला बदलावं लागतं, खारं वारं कापड खातं."

तिने माणूस बघितलाच नाही, आवाज ऐकला आणि पुरेसं झालं. शब्दाचं शेवटचं अक्षर किंचित वर उचलायची सवय, जणू प्रत्येक वाक्य विचारूनच बोलायचं. माणसांचे चेहरे ती विसरायची, शेजारणीला रस्त्यात ओळखायची नाही, त्यावरून घरात थट्टाही व्हायची. पण एकदा कानात गेलेला आवाज तिच्याकडून सुटत नसे. तोच. छत्रीमागून तो बाहेर आला तेव्हा तो तिने कल्पिला होता त्यापेक्षा ठेंगणा निघाला, टक्कल पडत चाललेला, हात मात्र मोठे. या हातांनी, असं तिच्या मनात आलं आणि तिने नजर काढून घेतली. पाय उचलावेत आणि सरळ गाडी गाठावी, असं वाटलं. पण नवरा पैसे देऊन मोकळा झाला होता आणि खुर्चीवाला तिच्यासाठी खुर्ची उघडून धरून उभा होता. "बसा ना ताई," तो म्हणाला, "ऊन लागत असेल तर छत्री वळवून देऊ?" तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आपण एक शब्द जरी बोललो तरी हा ओळखेल. जसा तो आपल्या कानात बसलाय तसा आपला आवाजही त्याच्या कानात बसलेला असणार, त्याहून जास्त बसलेला. तिने मान हलवली. छत्री वळवू नका, असं हाताने सांगितलं. "पाणी आणू?" हाताने नको. "होडीत बसायचं असेल तर—" हाताने नको. नवऱ्याला हे चमत्कारिक वाटलं असणार, पण बायकोची लाज झाकणं हे त्याला न सांगता जमायचं. "तिचा घसा बसलाय," तो खुर्चीवाल्याला म्हणाला, "कामच बोलण्याचं आहे बिचारीचं." खुर्चीवाला म्हणाला, "मग मीठ घालून गरम पाणी. दुसरं काही नाही."

अशी ती बसून राहिली, मुकी, टोपी डोळ्यांवर ओढून, आणि दिवस तिच्या अंगावरून जात राहिला. लोक याला आराम म्हणतात. शेजारी कुणाचं तरी मूल वाळूत खड्डा करत होतं आणि खड्डा पाण्याने भरला की पुन्हा रडत होतं. नवऱ्याने पायांतले बूट काढले, मोजे काढले, मोज्यांच्या खुणा उठलेली त्याची पांढरी पावलं वाळूत रोवली आणि समाधानाने हुं केलं. तिला तो फार आवडला त्या क्षणी, आणि त्याच क्षणी तो जाऊन कुठेतरी लांब उभा राहावा असंही वाटलं, कारण तो बोलत होता. तो खुर्चीवाल्याशी बोलत होता. कापडाबद्दल, लाकडाबद्दल, मोसमाबद्दल. गाद्यांतला कापूस आणि खुर्चीचं कापड यांच्यावरून माणसांच्या पाठीवर, आणि पाठीवरून घरच्या माणसांवर. तिला ते वळण येताना दिसत होतं. थांबवायचं तर बोलायला हवं होतं.

एक मुलगी वाळूतून आली. औषधाच्या दुकानातल्या माणसांचा असतो तसा पांढरा कोट, हातात दोन डबे. एक डबा तिने खुर्च्यांच्या चळतीवर ठेवला. बापाकडे बघितलं नाही. "जेवलीस का?" त्याने विचारलं. मुलगी दुसरा डबा घेऊन दूर कठड्यावर जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून, आणि खायला लागली. "माझी मुलगी," खुर्चीवाला नवऱ्याला म्हणाला. "डबा आणते रोज. माझं होईपर्यंत थांबते, रिकामा घेऊन जाते. बोलत नाही."

"का हो?" नवरा म्हणाला. न विचारून त्याला कसं राहवेल.

"तिची आई गेली. घरातच, इथे मागे, जुन्या बर्फाच्या कारखान्यासमोर." खुर्चीवाल्याने डब्याचं झाकण काढलं, पण खाल्लं नाही. "गाडी उशिरा आली. पत्ता मी चुकीचा दिला."

गेली. तिला वाटलं होतं कळलं की काहीतरी होईल, छातीत कळ येईल, डोळे भरतील. तसं काही झालं नाही. नुसतं कळलं. समोर ते मूल पुन्हा रडत होतं.

"गाडी गेली बंदरावर, नव्या कारखान्यावर," तो सांगत होता. "आधी मी भांडलो. म्हटलं, मी जुना म्हणालो होतो. छातीठोक सांगत होतो. पण त्यांच्याकडे नोंद आहे ना, पत्ता अपुरा. ड्रायव्हर गावातलाच, त्याने सांगितलं. मग मलाच वाटायला लागलं, राहिलं असेल. गावात आपण कशाला म्हणतो जुना, सगळ्यांना माहीत असतं. घाईत राहिलं असेल. मशीन कशाला खोटं बोलेल?"

"होतं हो असं," नवरा हळूच म्हणाला.

"फोनवरची बाई मात्र देवमाणूस. एकदा आवाज चढवला नाही. शेवटपर्यंत सोडलं नाही तिने मला. तिचा आवाज अजून कानात आहे बघा. कुठेही ओळखेन."

ती उठून बसली. टोपी मागे सारली. घसा खरंच बसला होता आता. "तुम्ही जुना म्हणाला होतात," ती म्हणाली. सगळा धीर गोळा करून, त्याच्याकडे बघत, एवढंच. आता तो थबकेल, असं तिला वाटलं. आता तो बघेल, कळेल त्याला, आणि मग जे व्हायचं ते होऊ दे. खुर्चीवाला तिच्याकडे वळला आणि हसला, थकलेलं, सवयीचं हसू. "सगळे असंच म्हणतात, ताई," तो म्हणाला. "बरं वाटतं ऐकून." आणि नवऱ्याला म्हणाला, "त्यांना बोलायला लावू नका, घसा जास्त बसेल." नवऱ्याने तिच्या हातावर हात ठेवला. अगं, तू कशाला मनाला लावून घेतेस, असा तो हात होता. त्या हाताखाली तिला आपण किती हलक्या आहोत ते कळलं. खोक्यातल्या बाईचा शब्द हा माणूस जन्मभर सांभाळणार होता, आणि तिचा स्वतःचा शब्द कुणी मनावरही घेतला नव्हता.

"पाय मोकळे करते," ती म्हणाली आणि कठड्याकडे निघाली. वाळूत चालताना पाय मागे ओढले जात होते. माघारी फिरायला प्रत्येक पावलागणिक जागा होती. मुलगी डब्यातलं शेवटचं पुसून खात होती. जवळून ती बापासारखीच दिसत होती, तोच ठेंगणा बांधा, तेच मोठे हात. मुलीजवळ जाऊन ती कठड्याशी उभी राहिली. कामावर असती तर पहिलं वाक्य आपोआप आलं असतं.

"तुझ्या बाबांनी जुना म्हटलं होतं," ती म्हणाली. "कारखाना. फोनवर."

मुलीने चमचा डब्यात ठेवला. वर बघितलं नाही. "तुम्हाला पाठवलं त्यांनी?"

"नाही गं—"

"मागे एका आजोबांना पाठवलं होतं. त्याआधी एक जोडपं. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला सांगत बसतात, आणि मग ती माणसं मला येऊन सांगतात की बाप गरीब आहे गं तुझा, बोल त्याच्याशी." मुलगी शांतपणे बोलत होती, दुकानात गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगावं तसं. "चूक झाली ना, ठीक आहे. कुणाकडूनही होईल. चुकलो, एवढं म्हणायला हवं होतं त्यांनी. मला सरळ कधी म्हणाले नाहीत. मला काय सांगितलं, मी जुना म्हणालो होतो. आई समोर पडलेली, आणि हे आपलं मी म्हणालो होतो, मी म्हणालो होतो. आता परक्या लोकांना पुढे करतात. त्यांना म्हणावं, अजून एक माणूस पाठवलंत ना, तर उद्यापासून डबाही शेजारच्याकडून येईल."

मुलगी डबा बंद करायला लागली. झाकण नीट बसत नव्हतं. त्या झाकणाकडे बघता बघता तिला दिसलं की आपण आलो नसतो तर बरं झालं असतं, या माणसाकडे निदान डबा तरी होता.

"त्यांनी नाही पाठवलं," ती म्हणाली. "फोनवर मी होते."

झाकण तसंच राहिलं. मुलीने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं, टोपीकडे, टोपीच्या न काढलेल्या किमतीच्या चिठ्ठीकडे, हातातल्या चपलांकडे.

"काय म्हणाले ते?" मुलीने विचारलं. "नेमकं."

"'जुन्या बर्फाच्या कारखान्यासमोर, ताई. जुन्या.' दोनदा म्हणाले. मी पुन्हा ऐकलंय. मी ते यंत्रात टाकलं नाही. असे शब्द टाकले तर यंत्राला सापडत नाही लवकर, म्हणून गाळतो आम्ही."

"दोनदा."

"हो."

"स्पष्ट?"

"स्पष्ट."

मुलीचा चेहरा उजळेल, रागाने लाल होईल, निदान ती एक थोबाडीत देईल, यातल्या कशालाही ती तयार होती. तसं झालं नाही. तो चेहरा हळूहळू रिकामा होत गेला, आणि मुलगी अगदी लहान आवाजात म्हणाली, "मी त्यांना घरात तुम्ही खून केलात असं म्हणाले होते. आजीसमोर." तिला हात पुढे करायचा होता, पण कुठल्या नात्याने? चूक उचलून आपल्या खांद्यावर घ्यायला ती आली होती, आणि ती या पोरीच्या डोक्यावर ठेवून मोकळी झाली होती. कुणाचंही ओझं कमी झालं नव्हतं, एक माणूस वाढलं होतं.

"म्हणजे हे सांगायला आलात तुम्ही," मुलगी म्हणाली. "एवढ्या लांबून." त्या आवाजात राग नव्हता. काहीतरी धरायला मिळावं अशी धडपड होती. कुणीतरी मुद्दाम आलं, आपल्यासाठी आलं, एवढं तरी. हो म्हणणं सोपं होतं. फोनवर असती तर ती केव्हाच हो म्हणाली असती, त्याच गोडीने.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही फिरायला आलो होतो."

मागून नवऱ्याची हाक आली, होडी सुटतेय, चल लवकर, आणि बूट हातात धरून तो वाळूतून पळत येताना दिसला, हसत. मुलीने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या पलीकडे. लांब खुर्च्यांपाशी तिच्या बापाने जेवण संपवलं होतं. झाकण लावून त्याने रिकामा डबा उंच धरून दाखवला, झालं माझं, ये, असा, रोज दाखवत असेल तसा. मुलगी कठड्यावरून खाली उतरली. एक पाऊल टाकलं आणि तिथेच उभी राहिली. बाप डबा धरून होता. थोड्या वेळाने त्याने हात बदलला.